प्रोग्राम नाव न विचारताच पुढे पळतो: बफरात काय उरलं ते लिहून ठेवा

"सर, फ्लॅट नंबर विचारतो आणि नाव न विचारताच थेट रक्कम मागतो."

नवी पेठेतल्या आमच्या शनिवारच्या सी या प्रोग्रामिंग भाषेच्या वर्गात दर बॅचला हे वाक्य ऐकू येतं. मुलं डिप्लोमाची, काही बीसीएसची. सरावासाठी मी त्यांना सोसायटीच्या मेंटेनन्सची वही प्रोग्राममध्ये उतरवायला सांगतो, कारण पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांनी ती वही कुणाच्या तरी हातात पाहिलेली असते. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम, भरल्याची तारीख. एवढ्या चार रकान्यांत सी-च्या इनपुट फंक्शनांच्या जवळजवळ सगळ्या खोडी बाहेर येतात.

उत्तर सांगितलं की मूल खूश होऊन जातं आणि पंधरा दिवसांनी तीच अडचण दुसऱ्या रूपात घेऊन येतं. याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. मुलं उपाय पाठ करत होती. त्या क्षणी आत नेमकं काय घडलं ते कुणीच टिपत नव्हतं. म्हणून वर्गात एक दोनशेपानी वही ठेवली. कुणाचाही प्रोग्राम इनपुटपाशी अडला की त्यात नोंद करायची: नेमकं काय टाइप केलं, फंक्शनने काय परत केलं आणि बफरात, म्हणजे टाइप केलेलं प्रोग्रामने उचलेपर्यंत जिथे थांबतं त्या जागेत, काय उरलं. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. स्कॅनएफ दिलेल्या फॉरमॅटप्रमाणे इनपुट वाचतं, एफगेट्स आख्खी ओळ, गेटचार एकच बाइट. परसेंट-डी म्हणजे पूर्णांकाचा फॉरमॅट, परसेंट-एफ दशांश आकड्याचा, परसेंट-एस शब्दाचा, परसेंट-सी एका अक्षराचा. बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, ईओएफ म्हणजे इनपुट संपल्याची खूण. टाइप केलेले आकडे इथे देवनागरीत छापले असले तरी ते रोमन समजावेत.

नाव गाळलं जातं

फ्लॅट नंबरसाठी स्कॅनएफ परसेंट-डी, नावासाठी एफगेट्स. वापरणाऱ्याने ७०४ टाइप करून एंटर दाबलं. बफरात चार बाइट आले: ७, ०, ४ आणि बॅकस्लॅश-एन. परसेंट-डीने पहिले तीन उचलले. चौथा आकडा नाही म्हणून तो तिथेच थांबला आणि बॅकस्लॅश-एन जागच्या जागी राहिला. आता एफगेट्स आलं. त्याचं काम नवी ओळ दिसेपर्यंत वाचणं, आणि ती तर पहिल्याच पावलावर दिसली. त्याने एक बाइटची ओळ वाचली, यशस्वी म्हणून परत आलं आणि नाव रिकामं राहिलं. कुणीही काही गाळलं नाही. प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणे चोख केलं.

हीच गोष्ट परसेंट-सीने "हो की नाही" विचारताना होते. परसेंट-डी, परसेंट-एफ, परसेंट-एस हे आकडा किंवा शब्द सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागा, टॅब, नव्या ओळी स्वतःहून ओलांडतात. परसेंट-सी आणि चौकटी कंसाचा फॉरमॅट मात्र ओलांडत नाहीत. समोर जे पहिलं दिसेल ते उचलतात. त्यामुळे पाच परसेंट-डी एकामागून एक लावले तर प्रोग्राम सुरळीत चालतो, आणि सहावा परसेंट-सी आला की बिघडतो. दोष आधीपासून होताच, फक्त कुणी तो पुसून घेत होतं.

परसेंट-सीच्या आधी फॉरमॅटमध्येच एक स्पेस सोडली की हा प्रकार थांबतो. ती एक स्पेस कितीही मोकळ्या जागा आणि नव्या ओळी गिळते, एकही नसली तरी तिला चालतं.

इथे मुलं एक वळण हमखास चुकतात. स्पेस आधी चालते तर बॅकस्लॅश-एन नंतर का चालू नये, असं वाटून ती परसेंट-डीच्या मागे बॅकस्लॅश-एन लावतात. मग तक्रार उलटी होते: "आकडा टाकून एंटर दाबलं तरी प्रोग्राम ढिम्म हलत नाही, अजून काहीतरी टाकलं की हलतो." स्कॅनएफच्या फॉरमॅटमध्ये बॅकस्लॅश-एनचा अर्थ "एक नवी ओळ" असा नाहीच. तिथे स्पेस, टॅब, नवी ओळ यांचा एकच अर्थ आहे: मोकळी जागा संपेपर्यंत वाचत राहा. ती संपली हे कळायला मोकळी नसलेली एखादी गोष्ट दिसावी लागते, म्हणून स्कॅनएफ पुढच्या ओळीची वाट पाहत बसतं. पुढची ओळ टाकली की हे सुटतं, पण त्या ओळीचं पहिलं अक्षर बफरात उभं असतं आणि ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचलं जातं. प्रश्न आणि उत्तरं एका घराने सरकतात.

एफफ्लश एसटीडीइन: हे खोडून टाका

आमच्या वहीतलं पहिलं पान याच ओळीसाठी आहे, कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलांमधून ती पिढ्यानपिढ्या उतरत आली आहे. थोरल्या भावाच्या जर्नलमधून धाकट्याच्या जर्नलमध्ये, तिथून वर्गमैत्रिणीकडे. स्कॅनएफनंतर एफफ्लश एसटीडीइन (एसटीडीइन म्हणजे आत येणारा प्रवाह, सहसा कीबोर्ड) लिहिलं की बफर साफ होतो, असं समजून.

सी-च्या मानकात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीत, एफफ्लशचा अर्थ फक्त बाहेर जाणाऱ्या प्रवाहासाठी सांगितला आहे: साठलेला मजकूर पुढे ढकल. आत येणाऱ्या प्रवाहावर ते वापरलं तर काय होईल, ते मानकाने बांधून दिलेलं नाही. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये ते बफर साफ करायचं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या रनटाइममध्येही (प्रोग्रामसोबत चालणाऱ्या लायब्ररीत) करायचं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ बरोबर आलेल्या रनटाइमपासून इनपुट प्रवाहावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकाने त्याला अर्थ दिला आहे तो मागे-पुढे जाता येणाऱ्या फाइलींपुरता, कीबोर्डपुरता नव्हे. म्हणजे ज्या दादाने ती ओळ लिहिली त्याच्या यंत्रावर ती खरंच चालली होती. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या जर्नलमध्ये "कुठे चाललं" एवढा एक रकाना असता, तर पुढच्यांचे किती तास वाचले असते!

बफर साफ करायची पद्धत साधी आहे: नवी ओळ किंवा ईओएफ मिळेपर्यंत गेटचार फिरवायचं. दोन्ही अटी हव्यात. फक्त नव्या ओळीची अट ठेवली आणि इनपुट फाइलीतून आलं, जिच्या शेवटी नवी ओळच नाही, तर तो लूप कधी थांबणार नाही.

एका ओळीत उरकायचं म्हणून काहीजण स्कॅनएफला "नवी ओळ सोडून सगळं टाकून दे, मग एक अक्षर टाकून दे" असं एकाच फॉरमॅटमध्ये सांगतात. नव्वद टक्के वेळा चालतं. पण चौकटी कंसाच्या फॉरमॅटला निदान एक तरी अक्षर जुळावं लागतं. समोर फक्त नवी ओळ असेल तर पहिलाच भाग अपयशी ठरतो, स्कॅनएफ तिथूनच परत फिरतं आणि "एक अक्षर टाकून दे" हा भाग चालवलाच जात नाही. जी नवी ओळ काढायची होती तीच उरते.

मेनू वेड्यासारखा स्क्रीनवर धावत सुटतो

फ्लॅट नंबर विचारल्यावर कुणीतरी ७०४ ऐवजी बी-७०४ टाइप करतं. यात त्याची काही चूक नाही, दारावर तसंच लिहिलेलं असतं. परसेंट-डीला "बी" चालत नाही. तो काहीही न उचलता परत येतो आणि शून्य परत करतो. "बी" तिथेच उभा. लूप पुन्हा वर जातो, मेनू छापतो, परसेंट-डी पुन्हा "बी" पाहतो. कंट्रोल-सी दाबेपर्यंत हे चालतं.

स्कॅनएफ काय परत करतं ते न बघता पुढे जाणारा प्रत्येक प्रोग्राम इथे अडकणारच. ते किती गोष्टी भरल्या गेल्या तो आकडा परत करतं. पहिली गोष्ट सुरू होण्याआधीच इनपुट संपलं तर ईओएफ परत करतं. हे ईओएफ ऋण असतं, बहुतेक ठिकाणी उणे एक. म्हणून "जोवर स्कॅनएफ खरं आहे तोवर" असा लूप लिहिणंही घातक आहे. सी-मध्ये उणे एक खराच असतो. अट "बरोबर एक परत आला का" अशीच लिहायची, दोन गोष्टी वाचायच्या असतील तर "बरोबर दोन".

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बिघडणारा प्रोग्राम

ही वहीतली माझी सगळ्यात आवडती नोंद आहे आणि ती एका विद्यार्थिनीने केली आहे. तिने तारीख वाचायला परसेंट-आय वापरलं होतं, मध्ये तिरक्या रेघा. जुलैपर्यंत सगळं नीट. गणपतीच्या आधी ऑगस्टची वर्गणी आणि मेंटेनन्स एकत्र टाकायला घेतलं तेव्हा महिना शून्य दिसायला लागला. तिने घरी बसून बाराही महिने टाकून पाहिले. फक्त दोन अडले: ०८ आणि ०९.

परसेंट-डी नेहमी दहाच्या पटीत वाचतं. परसेंट-आय मात्र सी-च्या कोडमध्ये आकडे जसे लिहिले जातात तसे वाचतं: सुरुवातीला शून्य असेल तर आठच्या पटीत, शून्य आणि एक्स असेल तर सोळाच्या. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून कुणाला शंका येत नाही. ०८ आला की ते शून्य उचलतं, पुढचा ८ आठच्या पद्धतीत बसत नाही म्हणून थांबतं. फॉरमॅटला पुढे तिरकी रेघ हवी असते, समोर असतो ८. स्कॅनएफ तिथूनच परततं आणि १५/०८/२०२४ साठी तीनऐवजी दोन परत करतं. दिवस १५, महिना ०, वर्षाच्या जागी आधीचं जे असेल ते.

तिने ते तिथेच सोडलं नाही. आपल्याकडच्या कुठल्या आकड्यांच्या आधी शून्य असतो, ते शोधलं. पुण्याचा एसटीडी कोड ०२०. परसेंट-आयने वाचला तर १६ होतो. इथे तर चूक दिसतही नाही, कारण काही अडत नाही आणि परत येणारा आकडाही बरोबर एक असतो. स्ट्रिंगमधून (अक्षरांच्या रांगेतून) पूर्णांक काढणाऱ्या स्ट्रटॉलला तिसरा आकडा, म्हणजे पट, शून्य दिला तरी हेच घडतं. तिथे दहाच द्यायचा. सी-च्या २०२३ च्या मानकात या यादीत शून्य आणि बी अशी सुरुवात दोनच्या पटीसाठी वाढली आहे, म्हणजे जुन्या लायब्ररीत जिथे नुसता शून्य वाचला जायचा तिथे नव्या लायब्ररीत वेगळा आकडा येऊ शकतो.

मोबाइल नंबरचंही सांगून टाकतो. भारतातला दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात) जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. म्हणजे एकही भारतीय मोबाइल नंबर इंटमध्ये बसत नाही. आणि न बसणारा आकडा परसेंट-डीला दिला तर काय होईल ते मानकाने सांगितलेलंच नाही. "उणे येतो" अशी नोंद एका मुलाने केली होती. मी ती त्याच्यासमोर खोडली आणि तिथे "अनिर्धारित" असं लिहायला लावलं. त्याच्या यंत्रावर उणे आला ही त्या दिवसाची बातमी आहे, तो नियम नाही. मोठा प्रकार म्हणून लाँग वापरा म्हटलं तर ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर चारच बाइटांचा. मोबाइल नंबरची कधी बेरीज करायची नसते. तो स्ट्रिंगमध्येच ठेवावा.

मराठी नावं अर्धवट तुटतात

पुण्यातल्या वर्गात हा प्रश्न टाळता येत नाही, आणि सी शिकवणाऱ्या साहित्यात तो क्वचितच असतो.

युटीएफ-आठ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. "पुणे" या शब्दात आपल्याला दोन अक्षरं दिसतात, आत मात्र चार चिन्हं आहेत: प, उकार, ण, एकार. बारा बाइट. "कुलकर्णी" मध्ये दिसतात चार अक्षरं. आत क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, ईकार अशी आठ चिन्हं, चोवीस बाइट, स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य धरून पंचवीस. नावासाठी वीस बाइटांचा अॅरे (सलग जागा) धरणाऱ्या मुलाला वाटतं भरपूर जागा सोडली. परसेंट-एसला रुंदी न देता वाचलं तर "कुलकर्णी" हा एकच शब्द त्या अॅरेच्या बाहेर पाच बाइट लिहून जातो. कधी शेजारची रक्कम बदलते, कधी प्रोग्राम कोसळतो, कधी काहीच दिसत नाही आणि तो परीक्षेच्या दिवशी कोसळतो.

परसेंट आणि एसच्या मध्ये रुंदी लिहायची, आणि ती अॅरेपेक्षा एकने कमी, कारण शेवटचा शून्य त्या रुंदीत धरलेला नसतो. वीसच्या अॅरेला एकोणीस. एफगेट्सला मात्र पूर्ण वीस सांगायचे, ते स्वतःच एक कमी वाचतं. हा फरक वहीत लाल शाईने आहे.

रुंदी दिली तरी ती बाइटांत मोजली जाते. एफगेट्सला बारा सांगून "पुणे" वाचायला दिलं तर ते अकरा बाइट उचलतं: प, उकार, ण यांचे नऊ आणि एकाराचे पहिले दोन. त्याचा तिसरा बाइट आणि नवी ओळ बफरात राहते. स्क्रीनवर "पुण" आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो, पुढच्या ओळीची सुरुवात कचऱ्याने होते. मुलं फॉन्टला दोष देतात. फॉन्टचा काही संबंध नाही.

जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हंही असतात. "दुसऱ्या", "तऱ्हा" यांतला अर्धा र काही कीबोर्ड शून्य रुंदीचा जोडक वापरून लिहितात, त्याचे आणखी तीन बाइट. दोघांनी एकच नाव टाइप केलं आणि दोन स्ट्रिंग ताडून पाहणाऱ्या स्ट्रकंपने ते वेगळं ठरवलं, तर आधी बाइट मोजून पाहा.

दोन छोटे प्रकार पटकन. मराठी आकडे टाइप केले तर परसेंट-डीला ते आकडे वाटतच नाहीत, शून्य परत येतो. आणि मोबाइलवरच्या मेसेजमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असू शकते. ती दिसते स्पेससारखी, पण स्कॅनएफ तिला ओलांडत नाही.

अक्षर आहे का, मोकळी जागा आहे का हे सांगणाऱ्या इझअल्फा, इझस्पेस या फंक्शनांना देवनागरीचा बाइट थेट देऊ नका. इंटेलच्या यंत्रांवर कॅरॅक्टर प्रकार सहसा चिन्हासहित (साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही धरणारा) असतो, म्हणून देवनागरीचा प्रत्येक बाइट तिथे ऋण होतो. ही फंक्शनं शून्य ते २५५ आणि ईओएफ एवढंच स्वीकारतात. आधी अनसाइन्ड कॅरॅक्टरमध्ये बदलून मगच द्यायचा.

गेटचारचं उत्तर कॅरॅक्टरमध्ये ठेवलं तर

गेटचार इंट परत करतं, कारण त्याला २५६ बाइटांशिवाय "संपलं" असंही सांगायचं असतं. ते कॅरॅक्टरमध्ये ठेवलं की दोनांपैकी एक घडतं. कॅरॅक्टर चिन्हासहित असेल तर २५५ हा खरा बाइट उणे एक होतो आणि फाइल मध्येच "संपते". चिन्हाशिवाय असेल तर तो कधीच उणे एक होत नाही आणि लूप कधीच थांबत नाही. आमच्याकडे रास्पबेरी पायवर हे घडलं: त्याच मुलाचा तोच कोड लॅपटॉपवर थांबत होता आणि पायवर थांबत नव्हता. आर्मवरच्या लिनक्समध्ये कॅरॅक्टर चिन्हाशिवाय असतो. पण हे प्रोसेसरवरही ठरत नाही, कारण अॅपलच्या आर्म यंत्रांवर तो चिन्हासहित आहे. युटीएफ-आठमध्ये २५५ हा बाइट येतच नाही, त्यामुळे लॅपटॉपवर मराठी मजकूर तपासून हा दोष सापडणार नाही. कुठलीतरी चित्राची फाइल द्यावी लागेल.

शेवटचा फ्लॅट दोनदा छापला जातो

"एफईओएफ नाही तोवर" असा लूप आहे. एफईओएफ पुढचं भाकीत करत नाही, "आधीचं वाचन शेवटापाशी अडलं होतं का" एवढंच सांगतं. शेवटची ओळ वाचून झाली तरी अजून काही अडलेलं नसतं, म्हणून लूप आणखी एकदा फिरतो. एफगेट्सला काहीच मिळत नाही, ते नल (काहीच नाही) परत करतं आणि अॅरेला हात लावत नाही. त्यात शेवटचा फ्लॅट तसाच असतो, तोच पुन्हा छापला जातो. लूप वाचनाच्या उत्तरावरच चालवायचा. एफईओएफ आणि एफएरर लूप संपल्यावर, का संपला हे विचारण्यासाठी.

याच पानावर एक नोंद आहे जी आम्हाला महिनाभर कळत नव्हती. एकाचा प्रोग्राम आधी फ्लॅटांची यादी कंट्रोल-डीपर्यंत (लिनक्सवर "इनपुट संपलं" असं सांगणारी कळ) घ्यायचा, मग रकमांची. उबुंटू १८.०४ वर चालायचा. २०.०४ वर दुसरी यादी विचारायचाच नाही. कोडमध्ये एक स्वल्पविराम बदललेला नव्हता. बदलली होती जीलिब्सी, म्हणजे लिनक्सवरची सी-ची लायब्ररी, २.२७ वरून २.३१. मधल्या २.२८ आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, ईओएफ एकदा लागला की तो मिटवेपर्यंत टिकेल असं वागणं आलं. मानकाला तेच अपेक्षित होतं. त्याआधी ती टर्मिनलला पुन्हा विचारायची. दुसऱ्या यादीआधी ती खूण मिटवणारं क्लिअरएरर एसटीडीइन लिहिलं आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून वहीत लायब्ररीची आवृत्ती लिहिणं सक्तीचं आहे.

मग वाचायचं कसं

माणसाने टाइप केलेलं इनपुट ओळीने येतं, म्हणून ओळीनेच उचलावं. एफगेट्सने आधी आख्खी ओळ, मग तिच्यातून आकडा. वर्गात आम्ही ओळ वाचणारं एक फंक्शन लिहितो आणि पुढे सगळीकडे तेच वापरतो.

एफगेट्सने नल दिला तर तिथूनच परतायचं. नाहीतर नवी ओळ कुठे आहे ते स्ट्रसीस्पनने शोधून तिथे शून्य ठेवायचा. "लांबी उणे एक" या जागी थेट शून्य ठेवण्याची सवय सोडा. शेवटच्या ओळीला नवी ओळ नसेल तर ती सवय नावाचं शेवटचं अक्षर खाते, आणि ओळीचा पहिलाच बाइट शून्य असेल तर लांबी शून्य, उणे एक केल्यावर प्रचंड मोठा आकडा. फाइल विंडोजवरून आली असेल तर नव्या ओळीआधीचा बॅकस्लॅश-आरही काढायचा. नवी ओळ सापडलीच नाही तर दोन शक्यता: ओळ अॅरेत मावली नाही, किंवा फाइल नव्या ओळीशिवाय संपली. गेटचार ईओएफपर्यंत किंवा नव्या ओळीपर्यंत फिरवून उरलेलं काढायचं. वाटेत काही निघालं तर "ओळ फार लांब" असं वापरणाऱ्याला सांगायचं. गुपचूप कापायचं नाही, कारण मराठी नाव मध्येच कापलं की काय होतं ते वर आलंच आहे.

आकड्यासाठी स्ट्रटॉल. आधी काय चुकलं ते सांगणारा एररनो शून्य करायचा, कारण यशस्वी झाल्यावर ते फंक्शन तो शून्य करत नाही. मग चार प्रश्न विचारायचे. वाचन जिथे थांबलं ते दाखवणारा शेवटचा पॉइंटर सुरुवातीपाशीच आहे का? असेल तर एकही आकडा नव्हता. त्याच्या पुढे मोकळ्या जागेशिवाय काही उरलंय का? असेल तर "७०४ए" सारखं काहीतरी आलं आहे. एररनोमध्ये ईरेंज, म्हणजे आकडा मावला नाही अशी खूण, आहे का? आणि आलेला लाँग इंटमध्ये बसतो का? नुसता आकडा काढणारं एटॉय यातलं एकही विचारू देत नाही. रिकाम्या ओळीलाही शून्य आणि खऱ्या शून्यालाही शून्यच.

स्कॅनएफ आणि स्ट्रटॉलची भावंडं यांत आणखी एक फरक आहे. "१००ergs" सारखं, म्हणजे शंभरच्या पुढे चिकटून रोमन लिपीतला ई आणि मग आर, अशी ओळ परसेंट-एफला दिली तर मानकाप्रमाणे ते "शंभर ई" पर्यंत उचलतं, कारण ई-नंतर घातांक येऊ शकला असता. पुढे आर दिसतो, जुळणी फसते, आणि उचललेला ई परत ठेवला जात नाही. प्रवाहात मागे सरकायची हमी फक्त एका बाइटाची आहे. स्ट्रिंगमधून दशांश आकडा काढणाऱ्या स्ट्रटॉडला तीच ओळ दिली तर तो शंभर देतो आणि ई-पाशी थांबतो, कारण त्याच्या हातात आख्खी स्ट्रिंग आहे आणि त्याला कितीही मागे येता येतं. ओळ आधी उचला, असं मी का सांगतो, याचं हे सगळ्यात पक्कं कारण आहे.

ओळ वाचणाऱ्या जुन्या गेट्सबद्दल एकच. ते २०११ च्या मानकातून काढून टाकलं आहे, कारण अॅरे किती मोठा हे त्याला सांगायची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर स्वतःहून पसरलेला मॉरिस वर्म हा प्रोग्राम ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यांतली एक वाट फिंगर (यंत्र कोण वापरतंय ते सांगणाऱ्या) सेवेतलं हेच गेट्स होतं. ५१२ बाइटांच्या बफरात त्याहून मोठी ओळ. जर्नलमध्ये दिसलं तर आजच बदला.

नोंद कशी करायची

कीबोर्डवरून पुन्हा पुन्हा टाइप करून तपासू नका. टाइप करताना हात दरवेळी तेच करत नाहीत, आणि शेवटी नवी ओळ नसलेली फाइल कीबोर्डवरून नीट बनवताही येत नाही. लिनक्सवर शेलच्या प्रिंटएफने हवे तेच बाइट बनवा आणि पाइपने प्रोग्रामला द्या. काय दिलं याची खात्री नसेल तर तेच बाइट ओडी कमांडला सी पर्यायाने दाखवा. बॅकस्लॅश-आर, न दिसणारी स्पेस, फाइलीच्या सुरुवातीला चिकटलेले बीओएमचे (युटीएफ-आठची खूण म्हणून काही एडिटर लावतात ते) तीन बाइट, सगळं उघडं पडतं. फक्त पहिलीच नोंद वाचली जात नसेल तर तो बीओएम असण्याची शक्यता मोठी. उलट, फार लांब ओळ टर्मिनलमध्ये चिकटवून तपासली तर लिनक्सचं टर्मिनलच तिला ४०९६ बाइटांच्या मर्यादेत कापतं, आणि दोष विनाकारण एफगेट्सच्या माथी येतो.

बफरात काय उरलं ते बघायला प्रोग्राममध्ये संशयित ओळीनंतर गेटचारचा लूप घालायचा आणि प्रत्येक बाइटाचा आकडा छापायचा. १० दिसला की नवी ओळ, १३ दिसला की बॅकस्लॅश-आर, २२४ दिसला की बहुतेक देवनागरीची सुरुवात.

पाइपने चालवताना प्रश्न उशिरा दिसले तर घाबरू नका. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर ते ओळीओळीने न जाता मोठ्या तुकड्यात जातं. प्रश्न छापल्यावर एफफ्लश एसटीडीआउट लिहा. इथे एफफ्लशला मानकाने दिलेला अर्थ आहे.

वहीच्या पानावर सध्या सहा रकाने आहेत: दिलेले बाइट, परत आलेला आकडा, उरलेले बाइट, कंपायलर आणि लायब्ररीची आवृत्ती, मानक काय म्हणतं, आणि तपासणाऱ्याचं नाव. पाचव्या रकान्यात तीनच शब्द चालतात: "निश्चित", "यंत्रागणिक", "अनिर्धारित". अनिर्धारित असेल तर तिसऱ्या रकान्यात काहीही दिसलं असलं तरी त्यावर कोड लिहायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. गेल्या शनिवारी त्या ऑगस्टवाल्या विद्यार्थिनीने सातवा रकाना आखला: "पुन्हा कधी तपासायचं." तिच्या स्वतःच्या नोंदीपुढे तिने लिहिलंय, पुढचा उबुंटू टाकल्यावर, शून्य आणि बी.